दुसऱ्या खोलीतली हाक

आवाज म्हणजे माणसाचा आत्मा, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडते. आवाज म्हणजे हवा. छातीतून वर येणारी हवा गळ्यातल्या दोन ओल्या घड्यांमधून वाट काढते, त्या घड्या एकमेकींना भिडतात, सुटतात, पुन्हा भिडतात. त्यांच्यामधली फट आपण बोलताना सेकंदाला शंभराहून जास्त वेळा उघडते आणि मिटते. त्या फटीला आम्ही ग्लॉटिस म्हणतो. लोक त्या घड्यांना स्वरतंतू म्हणतात. तंतू कसले डोंबलाचे? तिथे काय वीणा ठेवली आहे? पण नाव रूढ झालंय आणि मी वाद घालून थकले.

मी सुचेता. भोपाळच्या एका मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभागाच्या मागच्या अंगाला माझी प्रयोगशाळा आहे. मी डॉक्टर नाही, ध्वनिशास्त्र शिकलेली आहे, म्हणजे डॉक्टर मंडळींच्या लेखी अर्धी रेडिओ मेकॅनिक. माझं काम म्हाताऱ्या गळ्यांवर आहे. वय झालं की आवाज पातळ का होतो, थरथरतो का, ते मी मोजते. माणसाच्या गळ्यात दुर्बीण जाते, तिच्या टोकाशी एक दिवा फार वेगाने उघडझाप करतो आणि पडद्यावर त्या दोन घड्या अगदी सावकाश हलताना दिसतात. तसं सावकाश आत काहीच चाललेलं नसतं. एका थरथरीतला एक क्षण, पुढच्या थरथरीतला पुढचा, असे वेचलेले तुकडे जोडून डोळ्याला ती हालचाल संथ दिसते. म्हणजे पडद्यावर दिसते ती गोष्ट तशी कधी घडलेलीच नसते. इतकी वर्षं झाली तरी ते बघताना मला गुंगी येते. जेवण झाल्यावर तर ते बघायला बसूच नये.

विनायककाका तुलसी नगरातले आमचे शेजारी. सरकारी क्वार्टर, मधे एकच भिंत. नागपूरहून सरकारी कचेऱ्या भोपाळला आल्या तेव्हा त्यांचे वडील बिऱ्हाड घेऊन इकडे आले. आम्ही ग्वाल्हेरचे, बाबा इथल्या कॉलेजात शिकवायचे. काका सचिवालयात होते, पण त्यांची खरी नोकरी मराठी मंडळाच्या स्टेजवर होती. गणपती असोत, कोजागिरी असो, कुणाचा सत्कार असो, माइक काकांच्या हातात. ते नुसतं 'रसिकहो' म्हणाले की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प व्हायची. निवृत्त झाल्यावर काका-काकू मुलाकडे अवधपुरीला राहायला गेले. मुलगा वरुण मंडीदीपला औषधांच्या कारखान्यात आहे.

माझ्या अभ्यासाला म्हातारे गळे हवेत हे कळल्यावर काका आपणहून आले, काकूंना घेऊन. मी त्यांच्या गळ्याला दोन बाजूंनी थरथर मोजणाऱ्या चकत्या लावल्या, समोर माइक ठेवला आणि सांगितलं, घरी बोलता तसं बोला. काकांनी खांदे सरळ केले आणि 'सुचेताताईंच्या या प्रयोगशाळेत उपस्थित असलेल्या मान्यवरहो' अशी सुरुवात केली. मान्यवर म्हणजे काकू आणि मी. मी पुन्हा समजावलं, ते पुन्हा तसंच बोलले. माइक दिसला की त्यांच्या आवाजाला कडक इस्त्री व्हायची, त्याला त्यांचाही इलाज नव्हता. काकू भिंतीशी बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग आमच्या विभागप्रमुखांनी, डॉ. गिरीशनी, दुर्बीण घातली. जीभ बाहेर ओढून धरलेली, त्यामुळे निवेदन आपोआप बंद. पडद्यावर त्या फिकट, जरा सैल पडलेल्या घड्या हळूहळू उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या. दुर्बीण काढल्यावरही काका पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, आयुष्यभर यांच्या जिवावर टाळ्या घेतल्या आणि भेट मात्र आज झाली. जाताना दारात थांबून त्यांनी मला सांगितलं की ते देहदान करणार आहेत आणि त्यातला गळा माझ्या अभ्यासाला द्यायचा आहे. मला वाटलं, स्टेजवरचं वाक्य असेल. पण पुढच्याच आठवड्यात ते सगळे सोपस्कार करून मोकळे झाले.

गेल्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. काकूंनी आणि वरुणने त्यांचा शब्द पाळला. देह कॉलेजात आला, गिरीशनी स्वरयंत्र काढून माझ्या फ्रीजरमध्ये ठेवलं. काका जिवंत असताना घेतलेली मापं माझ्याकडे होती, आता त्याच गळ्यातून हवा सोडून पुन्हा मापं घ्यायची आणि दोन्ही जुळवून बघायची, असं ते काम होतं. मी ते पुढे ढकलत राहिले. बाकीचे गळे मी हां हां म्हणता मोजून टाकले आणि त्या एका कप्प्याकडे पाठ करून बसले. आत्मा-बित्मा मी मानत नाही, तरी पाठ करूनच बसले.

डिसेंबरात एका दुपारी काकू रिक्षा करून एकट्याच आल्या. त्यांनी टेबलावर एक पेन ड्राइव्ह ठेवला आणि म्हणाल्या, यात तुझे काका आहेत. त्यात मंडळाचे सगळे कार्यक्रम होते, नातवाचं बारसं होतं, वरुणचं लग्न होतं. सगळीकडे काका होते आणि सगळीकडे ते निवेदकच होते. बारशाच्या व्हिडिओतसुद्धा 'आणि आता उत्सवमूर्तींचं आगमन होत आहे' असं ते पाळण्याशी उभं राहून सांगत होते. घरात कुणी मोबाइल उचलून शूटिंग सुरू केलं की त्यांचं 'रसिकहो' सुरू. तासन्‌तास बोलणारा नवरा काकूंच्या मुठीत मावत होता आणि त्यातलं एक वाक्यही त्यांच्याशी बोललेलं नव्हतं.

वरुणने त्यावर मायेपोटी एक उद्योग करून ठेवला होता. ते सगळं रेकॉर्डिंग कम्प्युटरला खाऊ घालून त्याने वडलांचा आवाज बनवून घेतला आणि दिवाळीच्या दिवशी आईला समोर बसवून ऐकवला. कम्प्युटर म्हणाला, विजया, तू कशी आहेस, तब्येतीला जप. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. काका जन्मात त्यांना विजया म्हणाले नव्हते. स्टेजवर 'आमच्या सौभाग्यवती' आणि घरात 'अगं', एवढंच. वरुणने मग कम्प्युटरकडून 'अगं' म्हणवून घेतलं, तर तेही स्टेजवरचंच निघालं, पुढे टाळ्या याव्यात असं. पोराचं तोंड उतरलं. काकूंना त्याचंही वाईट वाटत होतं.

"तो माणूस मंडळाचा आहे गं, माझा नाही," काकू म्हणाल्या. "मला माझ्या माणसाचं अगं ऐकायचं आहे. एकदाच. तुझ्याजवळ त्यांचा गळा आहे ना?"

मी चिडले. मऊ जागी कुणी बोट ठेवलं की मी आधी चिडते, हा माझा स्वभाव आहे. मी काकूंना सरळ सांगितलं की नुसता गळा काही बोलत नाही. त्यातून हवा सोडली तर बाटलीत भुंगा अडकावा तसा एक आवाज येतो. त्या आवाजाचे शब्द होतात ते वर तोंडात, जिभेने, टाळूने, ओठांनी, आणि काकांचं तोंड आता नाही. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्या, जणू मी काही बोललेच नाही अशा, काकांच्या हाका सांगायला लागल्या.

एक अगं चष्मा हरवल्याचं. एक बाहेरून आल्याचं, चपला काढता काढता. एक पेपरात कुणी ओळखीचं गेल्याची बातमी वाचून, ते हलकं. पण सगळ्यात जास्त अगं कशाचंच नसायचं. त्या स्वयंपाकघरात, काका बाहेरच्या खोलीत, आणि हाक यायची. जाऊन विचारावं, काय पाहिजे, तर म्हणायचे, काही नाही. असंच. "माझे हात कणकेत असायचे. मला इतका राग यायचा. मी म्हणायची, काही नाही ना, मला वाटलंच. आणि पाय आपटत परत." हे सांगताना काकू हसत होत्या. मग हसणं थांबलं. "आता मला सगळे कामासाठी हाक मारतात, सुचेता. आई चावी कुठे, आजी डबा दे. काम नसताना कुणी मारत नाही."

त्या गेल्यावर मी काकांची जुनी दुर्बिणीची फीत लावून बसले. जेवण नुकतंच झालेलं. त्या घड्या उघडत होत्या, मिटत होत्या, आणि मी कधी पेंगले ते कळलं नाही. स्वप्नात तुलसी नगर होतं, पण सगळ्या क्वार्टरांच्या भिंती दुधावरच्या सायीसारख्या पातळ झालेल्या. मी फ्रॉकमध्ये, गणितं सोडवत बसलेली. भिंतीपलीकडून काकांची हाक आली, अगं. हाकेसरशी भिंत जराशी फुगली आणि परत जागेवर बसली. आमची आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, झालं, आता विजया चिडणार. पलीकडे बांगड्या वाजल्या, पाय आपटल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या घरातून अगं, तिसऱ्या घरातून अगं, सगळी कॉलनी हळूहळू फुगत होती आणि बसत होती, आणि मला त्या स्वप्नात फार सुरक्षित वाटत होतं. जाग आली तेव्हा माझा हात माझ्याच गळ्यावर होता आणि मी ते मोठ्याने म्हटलेलं असावं, कारण हाताखाली अजून थरथर होती.

तो हात मी तिथेच ठेवला आणि पुन्हा म्हणून पाहिलं. अगं. थरथर कुठेही तुटली नाही. स म्हणताना, त म्हणताना गळा गप्प असतो, नुसती हवा जाते. या शब्दात तसं काही नव्हतं. अ गळ्यातून, ग गळ्यातून, वरचा अनुस्वार तर नुसता लिहिण्यापुरता. म्हणजे ही एवढी हाक एका भुंग्याच्या भरवशावर मारता येण्यासारखी होती. फक्त तोंड हवं होतं.

तोंड मंडीदीपला नोकरीला होतं. वरुण वडलांच्या वळणावर गेलेला, तोच जबडा, तीच उंच टाळू, पुढच्या दोन दातांची तशीच एकावर एक बैठक. ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं त्यांच्यासाठी एक यंत्र असतं. ते गळ्याला बाहेरून टेकवायचं, त्याची गुणगुण कातडीतून आत जाते आणि माणूस नुसतं तोंड हलवून बोलतो. त्या यंत्राची स्वतःची गुणगुण काढून टाकायची, तिच्या जागी काकांच्या गळ्याची द्यायची आणि तोंड वरुणने हलवायचं. मी फोन करून त्याला हे सांगितलं.

"ताई, हे थोडं अजीब नाही लागत का?" तो म्हणाला.

मी म्हटलं, लागतं. त्याने विचारलं, आईने मागितलंय का. मी हो म्हटलं. दिवाळीपासून त्याच्या मनाला ते लागून राहिलं होतं, माझ्याही ते लक्षात आलं. तो म्हणाला, मग येतो.

गिरीशनी आधी हात झटकले, मग कॉलेजच्या नैतिकता समितीकडे शब्द टाकला. परवानगी मिळाली ती एका दुपारची. त्यानंतर त्या स्वरयंत्राचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली जाणार होते, काकांनी दिलं होतं तेही त्याचसाठी. शिवाय शरीराबाहेरचा गळा फार वेळ दम धरत नाही. कितीही कोमट, दमट हवा सोडा, थोड्या वेळाने घड्या कोरड्या पडतात आणि मग त्यांतून फुसफुस सोडून काही निघत नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते त्याच दुपारी होणार होतं. काकूंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, एकदाच म्हटलं होतं ना मी.

जानेवारीचे दिवस. मोठ्या तलावावरचं धुकं दुपार झाली तरी उठलेलं नव्हतं आणि ऊन कुठून येतंय ते कळत नव्हतं. वरुणबरोबर काकू इरकली नेसून आल्या, हातात एक पिशवी. पिशवीत दूध, चहा, साखर, आल्याचा तुकडा. कॉलेजच्या चहावर त्यांचा विश्वास नव्हता. काचेच्या पेटीत काकांचं स्वरयंत्र मी आधीच बसवून ठेवलं होतं, खालून हवेची नळी जोडलेली. काकू पेटीपाशी गेल्या, वाकून पाहिलं.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. मग एका बाजूच्या खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन.

हवा गरम व्हायला वेळ लागतो. काचेवर आतून वाफ धरत होती. लांबून अजान आली, रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी गेली, वॉर्डात कुणाचं तरी मूल रडायला लागलं, आणि मला नेहमीचं वेड लागलं. या गावात या क्षणी किती गळ्यांतल्या फटी उघडत असतील, मिटत असतील, धुक्यात, चादरीखाली, फोनला कान लावून, आणि त्यांतल्या एकीलाही आपण उघडतोय याचा पत्ता नसेल. काचेतल्या त्या दोन घड्या तशाच निवांत पडल्या होत्या. त्यांना माइक माहीत नव्हता, स्टेज माहीत नव्हतं. काका होते तोवर या घड्या त्यांनी माझ्यासमोर कधी मोकळ्या सोडल्या नाहीत. आता त्यांना इस्त्री करायला कुणी नव्हतं.

मी हळूच झडप फिरवली. आधी नुसता श्वास आला. मग घड्यांच्या कडा थरथरल्या आणि पेटीतून तो आवाज निघाला, खालचा, जाडसर, जरा खरखरीत. दिव्याच्या उघडझापेत घड्या संथ लाटेसारख्या हलताना दिसत होत्या. वरुणचा चेहरा पांढरा पडला. मी यंत्र त्याच्या गळ्याला टेकवलं, पेटीतला आवाज तिकडे वळवला आणि खूण केली. त्याने श्वास रोखून तोंड हलवलं. अगं.

काकूंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, हे यंत्र बोलून राहिलं. खरंच होतं. सगळं एका सुरात, टाइपरायटरने मारल्यासारखं. मी त्यांना विचारलं की हाक वर कुठे चढायची, कुठे उतरायची. त्यांनी ती गुणगुणून दाखवली आणि त्याच क्षणी मला ती आठवली, भिंतीपलीकडून रोज ऐकलेली. अ खाली, गं वर, आणि शेवटी जराशी लांबवून सोडून दिलेली, वाट बघत असल्यासारखी. हवेचा दाब वाढवला की सूर चढतो. मी झडपेवर हात ठेवून तसा चढवायला लागले. वरुणचं तोंड आणि माझा हात एकत्र यायला बरेच प्रयत्न गेले. तो घामाघूम झाला होता. एकदा मात्र सगळं जुळलं, चढ, उतार, शेवटचं लांबणं, आणि आम्ही दोघांनी एकदमच काकूंकडे पाहिलं.

"छान जमलंय," काकू म्हणाल्या.

मंडळाच्या कार्यक्रमात कुणाचं बेसूर गाणं झालं की त्या याच आवाजात असंच म्हणायच्या. वरुणलाही ते कळलं. त्याने यंत्र गळ्यावरून खाली घेतलं आणि जमिनीकडे बघायला लागला. काकू उठल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नको लावून घेऊ मनाला. तुम्ही दोघं दमून गेले. मी चहा ठेवते." पिशवी घेऊन त्या पार्टिशनमागे गेल्या. तिथे प्लायवुडच्या आडोशाला आमची गॅसची शेगडी आणि एक बेसिन आहे.

मला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचा, यंत्राचा, त्या मूर्ख झडपेचा. मापं सगळी बरोबर होती. सूर बरोबर, गळा बरोबर, तोंड जवळजवळ बरोबर. मग चुकलं कुठे? घड्यांच्या कडा एव्हाना निस्तेज दिसायला लागल्या होत्या. फार तर एक हाक शिल्लक असेल, तीही असलीच तर. मी हवा बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात पार्टिशनमागे पातेलं वाजलं. मग बांगड्या वाजल्या. आणि मी जागच्या जागी थांबले, कारण तो आवाज स्वप्नातला होता. बांगड्या भिंतीपलीकडेच वाजायच्या.

इतकी वर्षं ध्वनी शिकले आणि एवढं सुचू नये. काकू समोर असताना काकांनी त्यांना कधी हाक मारलीच नव्हती. समोर बसलेल्या माणसाला कोण हाक मारतं? ती नेहमी दुसऱ्या खोलीतून यायची. भिंत आवाजातलं वरचं, टोकदार असतं ते अडवून ठेवते आणि खालचं, जाड तेवढं पलीकडे जाऊ देते. काकूंनी जन्मभर ऐकलेला काकांचा आवाज भिंतीने गाळलेला होता. आणि आम्ही त्यांना खुर्चीवर बसवून, तयार करून, आता ऐका हं, असं म्हणून ऐकवत होतो. म्हणजे आम्हीही त्यांच्यासमोर स्टेजच बांधलं होतं.

मी वरुणकडे पाहिलं, पार्टिशनकडे बोट केलं, ओठांवर बोट ठेवलं. त्याला कळलं. त्याने यंत्र उचलून गळ्याला लावलं आणि तोंड पार्टिशनकडे वळवलं. मी आवाज होता तेवढा वाढवला. मग घाई केली नाही. पलीकडे आलं ठेचल्याचा आवाज येत होता, पाणी उकळत होतं, काकू स्वतःशीच काही पुटपुटत होत्या. त्या कामाला लागल्या, आम्हाला विसरल्या, तोवर मी थांबले. काचेवरची वाफ खाली ओघळत होती. मग मी झडप फिरवली.

"अगंऽ"

चढली, थांबली, वाट बघत लांबली आणि सुटली. शेवटी जराशी फाटली. तसं आम्ही ठरवलेलं नव्हतं, कोरड्या घड्यांनी ते आपलं आपण केलं. मला माझ्या लहानपणीची गणिताची वही दिसली.

"आली हो, आली," पलीकडून आवाज आला, भरल्या हाताच्या बाईचा, वैतागलेला. "दूध आहे ना इकडे गॅसवर."

वरुण तोंड तसंच उघडं ठेवून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. पार्टिशनमागे पावलं वाजली. तिसऱ्या की चौथ्या पावलाला ती मंद झाली, थांबली. काय झालं ते काकूंच्या तिथे लक्षात आलं असावं. मग ती पुन्हा सुरू झाली, पहिल्याइतकीच भरभर.

काकू पार्टिशनच्या कडेशी आल्या, हातात सांडशी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्या पेटीकडे बघत होत्या. आत घड्या मिटून स्वस्थ पडल्या होत्या, हवा नुसतीच त्यांच्यामधून जात होती, फुस करून. मला भीती वाटली. हाक आम्ही आणली होती, पण त्या हाकेपुढे काय, ते आमच्याकडे नव्हतं. कशाला बोलावलं, हे सांगायला तिथे कुणीच नव्हतं.

"काय पाहिजे?" काकूंनी विचारलं.

मी झडप बंद केली आणि खोलीत होती तेवढी हवाही गप्प झाली. काकू चांगला वेळ थांबल्या, उत्तराला पुरेसा वेळ देऊन. मग त्यांच्या कपाळावर एक जुनी, ओळखीची आठी आली आणि तिच्याखाली सगळा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"काही नाही ना," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच."

आणि पाय आपटत परत गेल्या, दूध बघायला.